तिकडचं नाव

“आबा, दोन्हीकडं नाव ठेवता येत नाही. एक सांगा, कुठलं काढू?”

रंजनाबेन उंबऱ्यातच टेकल्या होत्या, मांडीवर कागदांचा गठ्ठा. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत त्या शिकवायच्या आणि शाळा सुटली की मतदारयादी तपासायला नवागामच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. मागच्या फेरीला लोटूआबानं “उद्या सांगतो” म्हणत चहावर त्यांची बोळवण केली होती. आजही त्याचा हात चहाच्या पातेल्याकडे गेला.

“चहा नको. आधी उत्तर द्या.”

“राहू द्या ना बेन दोन्ही. कोणाचं काय जातं?”

“माझी नोकरी जाते,” रंजनाबेन म्हणाल्या. “जिथं राहता तिथलं नाव ठेवायचं, सरळ आहे. इथं येऊन किती वर्षं झाली तुम्हाला?”

आता काय सांगावं! मिसरूड फुटत होतं तेव्हा लोटू धुळ्याकडच्या खेड्यातून लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला सुरतेत आला. लूमची खटखट कानात बसली ती बसलीच. डोळे अधू झाल्यावर पर्वत पाटियाजवळच्या एका गोदामात साड्यांच्या घड्या घालायचं काम धरलं. काठाला काठ जुळवावा तर लोटूआबानंच, असं तिथली माणसं म्हणत. तेव्हा राहतो इथंच, त्यात वाद नाही. पण गावचं नाव काढ म्हटलं की तो उद्यावर ढकलायचा.

त्याचं कारण गाडी. गावची ग्रामपंचायत लागली की पुतण्याचा, वाल्मिकचा, फोन यायचा. एरवी दिवाळी नाही की अक्षय्य तृतीयेची आखाजी नाही, वाल्मिकला काका आहे याची आठवण नसे. निवडणुकीला मात्र सुरतेतल्या मतदारांना न्यायला गाडी यायची आणि काकाला पुढची सीट मिळायची. गावात वाल्मिकची आई, शोभावहिनी, पाय धुवायला गरम पाणी काढायची, खापरावरची पुरणपोळी वाढायची, वर तुपाची धार. लोटूआबा काही दूधखुळा नव्हता. गरज सरो नि वैद्य मरो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कळून करता काय? गाडीतून उतरताना पारावरचं कुणीतरी म्हणायचं, “लोटू उना रे.” सुरतेत त्याला नुसतं ‘लोटू’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मागच्या निवडणुकीला तारा सोबत होती. गाडी लागते म्हणून लिंबू हुंगत खिडकीशी बसली होती. पुढच्याच पावसाळ्यात ती गेली. लोटूआबानं गावी कळवलं तेव्हा वाल्मिक म्हणाला होता, “काका, आते गाडीच भेटी नही ऱ्हायनी.” ताराला खांदा दिला तो गोदामातल्या माणसांनी. लेकरूबाळ नव्हतंच, तेव्हा त्यानंतर खोलीत एकटा लोटूआबा.

“एकदा गावी फोन करू?” त्यानं विचारलं.

“करा,” रंजनाबेन म्हणाल्या आणि त्यांनी पाय जरा लांब केले.

वाल्मिकनं लगेच उचलला. “काका, गावनं नाव काढू नका हां! उन्हायामा निवडणूक शे, मी उभा शे. तुम्ही आमना घरना माणूस.”

लोटूआबाचा चेहरा खुलला. घरचा माणूस म्हटलं, मग काय. तो भीतभीत म्हणाला, “मंग आखाजीले येऊ का रे? वहिनीले सांग, दोन दिवस ऱ्हासू.”

“आखाजीले? आखाजीले घर भरेल ऱ्हास काका, बहिणी येतीस. तुम्ही मतदानलेच या ना. गाडी धाडस ना मी.”

“बरं,” लोटूआबा म्हणाला आणि फोन ठेवला.

बरं या शब्दात मराठी माणूस काय काय गिळून टाकतो! रंजनाबेननी सगळं ऐकलं होतं, पण त्या कागदांकडं बघत राहिल्या.

“गावचं काढा,” तो म्हणाला.

“नक्की? मग मागून सांगू नका.”

“राहतो इथं, तर इथलंच असू द्या. सही मराठीत चालंल ना?”

सही झाली. त्या रात्री त्यानं भाकर अर्धी ठेवून ताट सारलं. लोटूआबाला फार एकटं वाटलं. तारा गेली तेव्हाही गावात आपलं काहीतरी शिल्लक आहे असं वाटत होतं, आता तेही आपणच हातानं पुसलं.

उन्हाळ्यात मतदानाच्या आदल्या दिवशी नवागामच्या नाक्यावर गाडी लागली. या वेळी लोटूआबाला वाल्मिकचा फोन आला नव्हता. नुसतं बघून येऊ, असं मनाशी म्हणत तो निघाला. नुसतं बघायचं तर इस्त्रीचा शर्ट कशाला घातला, ते विचारू नये. वाल्मिक दाराशी उभा राहून यादीवर खुणा करत होता.

“अरे काका! तुम्हनं नाव तं कटी गयं.”

“माले माहीत शे. दखाड बरं यादी.”

वाल्मिकनं पान उलटलं. लोटूआबानं कागद डोळ्यांपासून लांब धरला. त्याच्या नावावर तिरपा शिक्का होता, ‘वगळले’. आणि लगेच खाली तारा. शिक्का नाही, काही नाही. पतीचे नाव, लोटू. वय, त्रेसष्ट. तारा गेली तेव्हा साठीसुद्धा झाली नव्हती. इकडे तिला जाळून वर्षं लोटली आणि तिकडे यादीत ती दरवर्षी म्हातारी होत चालली होती. तिच्या नावापुढं वाल्मिकच्या पेनाची खूण होती.

“ही खूण कसानी?”

वाल्मिकनं आवाज खाली आणला. “काकूनं कोनी बी टाकी दी. घरनंच मत शे ना.”

“तिनं मत टाकू नको वाल्मिक.”

“बरं काका,” वाल्मिक म्हणाला.

ते बरं कसलं होतं हे लोटूआबाला चांगलं कळलं. गाडीत माणसं बसली. पुढची सीट रिकामी होती, पण ती भटू नावाच्या दुसऱ्या मतदाराची, तो पुढं पर्वत पाटियाला चढणार होता. “येतस काका,” म्हणत वाल्मिक मागं बसला आणि गाडी गेली.

लोटूआबा खोलीवर गेला, पत्र्याची पेटी उघडली आणि तसाच शाळेकडे निघाला. मधली सुट्टी होती. वर्गात रंजनाबेन वह्या तपासत होत्या.

“बेन, आणखी एक नाव काढायचंय.”

“कुणाचं?”

“ताराचं. माझी बायको. तिकडच्या यादीत तशीच आहे अजून.”

रंजनाबेननी चष्मा वर केला. “तिकडं अर्ज पाठवावा लागेल, चौकशी करतील. पण आबा, इतके दिवस नाही आणि आज घाईनं आलात. भावकीत काही वाजलं का?”

“वाजायला बोलावं लागतं बेन.” तो बाकाच्या कडेला टेकला. “मी होतो तवर ठीक होतं. माझ्या खालीच नाव होतं तिचं. आता मला काढलं, तर ती एकटी पडली तिथं.”

रंजनाबेननी वह्या बाजूला सारल्या, पेनाचं टोपण काढलं.

“मृत्यूचा दाखला आणलाय?”

लोटूआबानं इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून दाखला काढला. काठाला काठ जुळवून त्याची बारीक घडी घातली होती. ती उलगडायला त्याला जरा वेळ लागला.