पाळीवरच्या देवाच्या खालच्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. रंगाचा नव्हे, बुटाचा तर नव्हेच! दगडावर कोरलेल्या जुन्या लेखांचे ठसे घेणारा ब्रश. सागाची मूठ, ताठ राठ केस आणि अंगात थोडी घमेंड. ती आता पुरती उतरली आहे.

अड्याळच्या केवळराम गुरुजींनी मला १९७२ साली नागपुरातून आणले. शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोघे एसटीने पडकी देवळे नि जुन्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, धुंडाळायचो. गुरुजी दगड धुऊन त्यावर ओला कागद पसरत. मी तो ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवत असे. कागद सुकत आला की वरून शाई फिरे आणि काळ्यावर पांढरी अक्षरे उमटत. "वा रे पठ्ठ्या!" म्हणून गुरुजी मला थोपटत. मला मूठभर मांस चढे.

१९७४ मध्ये एका तलावाच्या पाळीवर असाच एक लेख सापडला. वरच्या पाच ओळींचा ठसा झकास निघाला. त्यांत तलाव खोदल्याचे वर्ष होते. खोदणाऱ्याचे नाव मात्र खालच्या दोन ओळींत असणार होते, आणि त्यांवर शेंदराचा जाड थर होता. तलावात मासे धरणारी माणसे त्या दगडाला देव मानत. गुरुजींनी चाकू काढताच पूजा करणाऱ्या जमुनाबाई आडव्या आल्या.

"हात नोका लावू, गुरुजी! देवाची ही शेंदराची खोळ देवच सोडते. सुटली का तुमाले सांगावा धाडीन."

गुरुजींनी चाकू मिटला. नऊ वर्षे त्यांनी वाट पाहिली. हळूहळू आमचे फिरणेही थांबले. मग गुरुजींच्या पत्नी ललिताबाईंनी मला दुधाचे गंज, म्हणजे पातेली, घासायला घेतले. गुरुजींनी ते पाहिले आणि चालू दिले. माझे केस विस्कटले. मला फार वाईट वाटे.

१९८३ च्या उन्हाळ्यात जमुनाबाईंचा मुलगा मोतीलाल धापा टाकत दारात आला. "गुरुजी, काल देवानं खोळ सोडली! पाच दिस देव उघडा राह्यते, मंग नवा शेंदूर लावतो आमी. मायनं लवकर बलावलं जी."

गुरुजींनी मला मोरीतून उचलले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा आता कामाचा नाही. आधी नवा आणतो." नागपुरात एक दुकान बंद, दुसऱ्यात ब्रश नाही, तिसऱ्याने मागवून देण्यात तीन-चार दिवस गेले. नवा ब्रश घेऊन आम्ही पाळीवर पोचलो तो सहावा दिवस होता. सवयीने त्यांनी मलाही पिशवीत टाकले होते.

दगडाच्या खालच्या भागावर ताजा शेंदूर चमकत होता.

"काहून उशीर केला, गुरुजी?" जमुनाबाईंचे डोळे भरले होते. "खोळीसंगं दगडाची पापडी बी निंगाली, अक्षरं तिलेच चिकटून होते. पाच दिस ओल्या पोत्यात राखली. तुमची वाट पाहून पाहून काल संध्याकाळी पाण्यात सोडली. देवाले उघडा कितीक ठेवाव?"

मोतीलालने दोनदा बुडी मारली. हाती नुसता चिखल आला.

मग रिकाम्या हाताने कसे परतायचे, म्हणून गुरुजींनी वरच्या पाच ओळींवर पुन्हा कागद लावला. नव्या ब्रशचे मऊ केस लगेच दुमडले. तेव्हा त्यांनी मला काढले. मी जिवाच्या आकांताने ठोकत राहिलो. पाचही ओळी नऊ वर्षांपूर्वीइतक्याच स्पष्ट उठल्या.

गुरुजींनी माझे विस्कटलेले केस बोटांनी सारखे केले. "अरे, तूच चालला असतास," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, हे शब्द मला अजून बोचतात. आपल्या हत्यारांना जपा. आणि कुणी 'लवकर या' म्हणून बोलावले, तर हाताशी असेल ते घेऊन निघा. गुरुजींच्या वहीत पाच ओळींखाली दोन ओळींची जागा अजून कोरी आहे. तलाव दरवर्षी भरतो. तो कुणी खोदला, हे आता त्या तलावालाच ठाऊक.