झाकणावरची वर्तुळे

मित्रांनो, मी पबच्या कोपऱ्यातला एक जुना पियानो आहे. माझा जन्म लंडनमधल्या कॅम्डनच्या कारखान्यातला. पण मला वाढवले ते थेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या ‘रस्टी अँकर’ या पबने. रविवारी दुपारी गोदीतले लोक माझ्याभोवती जमून गात.

मग चार तरुण आले. स्वतःला ते ‘बार्ज बॉइज’ म्हणवत. रंगमंच नव्हताच, गिऱ्हाइकांच्या कोपराला कोपर लावून ते वाजवायचे. माझ्यापाशी रॉली बसे आणि बिअरचा ओला ग्लास थेट माझ्या झाकणावर ठेवी.

“अरे, खाली काहीतरी ठेव की! डाग पडतात,” मालकीण डोरीन ओरडे.

“पडू देत. आमची सही आहे ती!”

अशी कितीतरी पांढरी वर्तुळे माझ्यावर उमटली. त्या दिवसांत आत पाय ठेवायला जागा नसे. लोक खिडकीबाहेर उभे राहून ऐकत.

त्यांचे नाव झाले. रेकॉर्ड निघाली, मोठी सभागृहे मिळाली. रॉलीला विजेवर चालणारा नवा पियानो मिळाला. इकडे माझे सूर उतरत गेले, माझ्यावर लोक कोट टाकू लागले. पुढे कानात सेफ्टी पिना अडकवलेली तापट पोरे गाऊ लागली आणि बार्ज बॉइजना कोणी बोलावेनासे झाले.

एका उन्हाळ्यात जत्रेत पियानो फोडण्याची स्पर्धा ठरली. तेव्हा आमच्याकडे ही चालच होती. दोन संघ, दोन पियानो. घणाने तुकडे करायचे आणि फळीच्या लहानशा भोकातून पलीकडे ढकलायचे. डोरीनने मला देऊन टाकले.

ताडपत्रीखाली मी वाट पाहत होतो. शिट्टी वाजली. शेजारच्या पियानोवर पहिला घाव पडला. त्याच्या तारांचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. माझी ताडपत्री ओढली गेली, घण वर गेला आणि वरच थांबला.

घण रॉलीच्या हातात होता! फोडायचा पियानो कोणता हे न विचारताच बार्ज बॉइजनी गंमत म्हणून संघाचे नाव दिले होते.

“ही वर्तुळं माझी आहेत,” तो पुटपुटला.

“फोड ना रे! हरतोयस!” लोक ओरडले.

“हरू दे. आता सवय झालीय आम्हाला.” त्याने घण गवतात टाकला आणि माझे झाकण उघडले. निम्म्या पट्ट्या मुक्या होत्या. तो उरलेल्यांवर वाजवू लागला.

गर्दीतून डोरीन पुढे आली. “हे धूड आता परत कोण नेणार?”

“आम्ही चौघं. पण आमचा कोपरा रिकामा हवा.”

“तू गेल्यापासून रिकामाच आहे, मेल्या.”

माझा जीव भांड्यात पडला.

आता दर रविवारी दुपारी ते माझ्याभोवती जमतात. “मोठ्या हॉलमध्ये कुणाचा चेहराच दिसायचा नाही,” रॉली म्हणतो. “सुटलो बाबा!”

मित्रांनो, जुनी वस्तू मोडण्याआधी तिच्यावरची ताडपत्री काढून एकदा नीट पाहा. माझ्याकडे कोणीतरी पाहिले. शेजारच्याकडे कोणी पाहिले नाही.

डोरीनने माझ्यावर पुठ्ठ्याच्या जाड चकत्या ठेवल्या आहेत. रॉली ग्लास नेमका त्यांच्या शेजारी ठेवतो.