रेतीचा बहाणा

बहारीनमध्ये कशाचंही खापर फोडायला एक हक्काचं डोकं आहे, ते म्हणजे रेती. घसा बसला, रेती. एसी बिघडला, रेती. १९९४ च्या उन्हाळ्यात शैलेंद्रच्या गाडीचा ब्रेक दाबला की चर्र आवाज येऊ लागला, तेव्हा शिपिंग कंपनीतल्या या पुणेकर साहेबानेही निकाल देऊन टाकला, “चाकात रेती गेलीय!”

रोज संध्याकाळी रिफातल्या घरासमोर तो पाइप लावून चाकं धुवायचा. बायको लीना दारातून म्हणायची, “देवघर कधी एवढं धुतलं नाहीस. गॅरेजला दाखव की!”

“तुला गाड्यांतलं काय कळतं?”

नऊ वर्षांची आर्या मागच्या सीटवरून म्हणाली, “पप्पा, इट्स स्क्रीमिंग.” त्याने कॅसेटचा आवाज वाढवला. पुढे डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. ब्रेक ऑइल कमी झालं होतं. पठ्ठ्याने डबा आणून स्वतः ओतलं, दिवा विझला आणि साहेब स्वतःवर खूश झाले. असं तीनदा झालं. चर्रची घरघर झाली, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढू लागली. तरी रेतीच!

मीना सलमान बंदरात कंपनीच्या गोदामाला लागून गनीचं गॅरेज होतं. गनी रत्नागिरीचा, शैलेंद्रपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. गुरुवारी त्याने ती घरघर ऐकली आणि हात पुसत सरळ गाडीसमोर येऊन उभा राहिला.

“साहेब, उतरा. ही गाडी आता चालवायची नाय.”

“बाजूला हो. रेती आहे ती.”

“रेती नाय, लोखंडावर लोखंड घासतंय. लाल दिवा लागला होता का?”

“लागला होता. ऑइल भरलं मी. खलास!”

गनीने कपाळावर हात मारला. “अवो, पॅड झिजले की ऑइलची पातळी उतरते. तुमी दिवा विझवलात, दुखणं तसंच ठेवलंत! चावी द्या, संध्याकाळपर्यंत करून देतो.”

गोदामातली माणसं पाहत होती. शैलेंद्रचं डोकं फिरलं. “तुम्हा लोकांना धंदा दिसतो, दुसरं काय? हातात पाना धरणाऱ्याने मला शिकवू नये!”

गनीचा चेहरा कडक झाला. “पाना धरणाऱ्यालाच ठाऊक असतं, साहेब. पोरगी बसते ना मागं? तिच्यासाठी तरी ऐका.”

“माझ्या मुलीचं नाव काढू नकोस!” असं ओरडून त्याने गाडी काढली. राग एवढा, की फाटकाशी ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी तिघं हमद टाउनला जेवायला निघाली. चौक जवळ आला. समोर एका अरबी कुटुंबाची गाडी थांबलेली, मागच्या काचेला दोन लहानगी नाकं चिकटवून बसलेली. शैलेंद्रने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला!

“शैलेंद्र!” लीना किंचाळली.

त्याने हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. त्या गाडीला हातभर अंतरावरून चुकवून त्याची गाडी कठड्यावर आदळली, पलीकडच्या मोकळ्या जागेत घुसली आणि चाकं रुतून थांबली. रेतीत! सगळा उन्हाळा जिला शिव्या दिल्या, तिनेच पोर वाचवली. आर्या रडली नाही. म्हणाली, “आय टोल्ड यू, पप्पा.” शैलेंद्रला मान वर करवेना.

फोनवर सगळं ऐकल्यावर गनी सुट्टीच्या दिवशी टोइंगची गाडी घेऊन आला. शैलेंद्रने हात जोडले. “गनीभाई, चुकलो मी. तुम्ही सांगत होतात...”

“हात जोडू नका,” गनी संतापलेलाच होता. “माझी माफी मागून काय होणार? त्या दोन पोरांना काय झालं असतं तर कुणाकडे गेला असता? गाडी कधी दगा देत नाय साहेब. आधी कुरकुरते, मग घरघरते, दिवा दाखवते, एका बाजूला ओढते, पाय खोल जातो. पाच वेळा सांगते! ऐकायचं नाय, आणि सांगणाऱ्याचा अपमान करायचा!”

शैलेंद्रने चावी त्याच्या हातावर ठेवली.

दोन महिन्यांनी ऑफिसातला नवा इंजिनिअर जयेश गाडी घेऊन आवारात शिरला. चर्र! शैलेंद्र धावतच त्याच्या खिडकीशी गेला आणि चावी काढून घेतली.

“हे काय सर? रेती असेल! तुमचं काय जातं?”

“काही जात नाही. शिव्या हव्या तेवढ्या घाल, चावी मिळणार नाही. चल गनीभाईंकडे.”

जयेशने खरोखरच घातल्या. शैलेंद्रने त्या ऐकून घेतल्या. त्या आपल्याच वाट्याच्या आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मंडळी, आपल्याही गाडीतून आवाज येत असेल तर कॅसेट बंद करा आणि ऐका. आणि हात काळे झालेला एखादा माणूस वाट अडवून उभा राहिला, तर त्याच्यावर हॉर्न वाजवू नका. रस्त्यावरची लेकरं फक्त आपलीच नसतात!