ओल्या पोत्यांचा चमत्कार

भर दुपारी चराच्या दोन्ही काठांवर अर्धी वस्ती उभी होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. खोदाईच्या जुन्या मशीनचा, बॅकहोचा, मागचा हात मातीत रुतून थरथरत होता. इंजिन बोंबलत होतं, पण हात वीतभरही वर येईना. सकाळी हेच मशीन मुरूम लोण्यासारखा कापत होतं.

"भूमीने हात धरलाय," मुठीबाबा म्हणाला.

हा बाबा पाच दिवसांपूर्वी कुठूनसा उगवला होता. दर वाक्याला मूठभर माती उधळायचा, म्हणून मुठीबाबा. त्याने ऑपरेटरकडून किल्ली घेतली, इंजिन बंद करवलं, मशीनच्या पोटावर ओली पोती पांघरली आणि घागरीमागून घागर पाणी ओतत सुरू झाला, "शांत हो माये, धग सोड माये, लेकरं अडाणी, तू शहाणी माये!" तासाभराने त्याने किल्ली परत दिली. हात असा उसळून वर आला, की पुढच्या दोन बायकांनी डोळेच मिटले.

लोकांनी हात जोडले. बाबाचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"रोज का रुसते ही? रोज जेवणाच्या वेळी इथे कोण येतं?"

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. ऑपरेटरची बायको, सातवा महिना लागलेली, डबा घेऊन काठावर उभी होती.

"उद्या दुपारी मशीनचं पुढचं लोखंडी बकेट वर उचलायचं आणि हिने त्याखाली तासभर बसायचं. निर्मळ असेल तर भूमी बकेट तोलून धरेल. नाही बसली, तर हा चर कुणाला तरी गिळेल."

बाबाला ठाऊक नसलेली एक गोष्ट ऑपरेटरला ठाऊक होती. जेवायला जाताना तो पुढचं बकेट डोक्याच्या उंचीला उचलून ठेवायचा, आणि परत येईपर्यंत ते गुडघ्याशी आलेलं असायचं. इंजिन बंद, केबिन रिकामी. चारदा त्याने हे पाहिलं होतं. आधी लोक हसतील म्हणून तो बोलला नाही. आता बोललो तर बायकोवरचा आळ खरा ठरेल, म्हणून त्याची जीभ उचलेना.

संध्याकाळी त्याची थोरली बहीण घरी आली. ती फरशीच्या कारखान्यात दाबयंत्रावर फिटर होती; तेही या मशीनसारखं तेलाच्या दाबावर चालायचं.

"मी बसते," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "उद्या कुणी चरात पडलं, तर जन्मभर माझंच नाव घेतील, वन्सं."

"नाही बसायचं!" तो ओरडला आणि भिंतीला टेकून रडायलाच लागला. मग सगळं सांगितलं.

बहिणीने समजूत घातली नाही. तिने प्रश्न विचारले.

"सकाळी चहाला जातोस, तेव्हा किती खाली येतं?"

"चार बोटं. फार तर."

"आणि तेल?"

"पातळी बरोबर आहे, ताई. पाइप कोरडे ठणठणीत. एक थेंब गळत नाही. म्हणून तर..."

"म्हणून तर भूत! वा रे मिस्त्री! फिल्टर कापून बघितलास? नाही ना? आणि काम थांबलं की बकेट जमिनीला टेकवायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही? चहाला आळशी आणि जेवणाला चपळ, असं कुठलं भूत असतं रे?"

रात्रभर त्याला बकेटच दिसत होतं.

सकाळी तिने तेलाचा जुना फिल्टर काढून कापला, नवा बसवला आणि पंपाच्या पाइपला प्रेशर गेज जोडलं. गार मशीनवर काटा एकशे ऐंशीला गेला. अकरा वाजता एकशे चाळीस. बारा वाजता शंभराच्याही खाली.

गर्दी कालच्या दुप्पट होती. बकेट वर उचललं, इंजिन बंद झालं. खाली स्टूल ठेवलं होतं. बायको खरंच त्याच्याकडे चालू लागली. बहिणीने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि स्टुलावर मातीची घागर ठेवली.

"आधी ही बसेल. ही निर्मळ आहे, पापपुण्याचा संबंधच नाही. सगळे दहा पावलं मागे!"

"अपमान!" बाबाने माती उधळली. "भूमी कोपेल!"

बकेट आवाज न करता उतरत होतं. आधी कुणाला कळलंच नाही. मग एक म्हातारा पुटपुटला, "अरे देवा, हलतंय." विसाव्या मिनिटाला घागर फुटली, स्टुलाचे पाय फाकले.

"पाहिलंत कोप!" बाबा ओरडला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घागरीवर कसला कोप?" बहिणीने बकेट जमिनीला टेकलंय याची खात्री केली आणि कापलेला फिल्टर लोकांपुढे धरला. घड्यांमध्ये पिवळा चकचकीत चुरा होता. "हा पंपाचा झिजलेला धातू. तेल अडवून धरणारा कंट्रोल वॉल्व्हही झिजलाय. तेल गळतंय, पण आतल्या आत, म्हणून बाहेर थेंब नाही. गार तेल मधासारखं, फटीतून हळू जातं. तापलं की पाण्यासारखं पळतं. मग खोदायला जोर उरत नाही आणि उचललेलं बकेट खाली येतं. बाबाच्या पोत्यांनी तेल गार होतं, बस!"

तिने एका मजुराला पोती टाकून पाणी ओतायला लावलं. "मंत्र नको. पाढे म्हण."

त्याने साताचा पाढा धरला. सात आठे चोपन्न म्हणाला, तरी तासाभराने इंजिन सुरू केल्यावर काटा दीडशेवर चढला. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

"पोती कुठे शिकलास?" तिने बाबाला विचारलं.

"गॅरेजात होतो. तापलेल्या गाड्यांवर टाकायचो."

"आणि बकेट उतरतं हे?"

बाबाने फुटक्या खापऱ्यांकडे पाहिलं. "नव्हतं माहीत. आईशप्पथ! बंद मशीन हलत नाही असंच वाटलं."

ऑपरेटरच्या अंगावर काटा आला तो आत्ता. या माणसाला अर्धंच ठाऊक होतं. त्या अर्ध्यावर तो एका बाईला मारून मोकळा झाला असता, आणि वस्तीने तिच्या मरणालाच पुरावा मानलं असतं.

तो बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

"बाबाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चारदा पाहिलं आणि भीतीने गप्प बसलो. तुम्हीही घाबराल, घाबरा. पण काय पाहिलंत ते सांगा. किती वाजता झालं, किती वेळात झालं, कशाने झालं, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या लेकीसुनेचा जीव पणाला लावू नका."