सरकीचा वास

अकोल्यात साहेबाच्या बंगल्यावर वांगी-मेथी पोचवणारा जानराव माळी एके दिवशी परत आला, तो बगलेत कुत्र्याचं पिल्लू घेऊन. पांढरं, अंगावर तांबूस ठिपके, कान लोंबते. साहेब त्याला डॅश म्हणायचा. जानरावाच्या जिभेवर त्याचा दशरथ झाला, आणि पिल्लाची त्याला काही हरकत दिसली नाही.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, आणि तो खरेदी करणाऱ्या साहेबांना शिकारीची चटक लागली होती. या जातीच्या कुत्र्यानं भुंकायचं नाही, झडप घालायची नाही. तितराचा वास आला की पुढचा एक पाय उचलून जागीच थिजायचं. साहेबाचा कुत्रेवाला पटकीनं गेला, म्हणून ही शिकवणी जानरावाच्या गळ्यात पडली. साहेबानं तितराचा एक पंख हातावर ठेवला आणि बजावलं, "दस दिनमें बडा साब आयेगा. नहीं सिका तो गोली."

गोळी कुणाला, हे जानरावाला दोन दिवस कळलंच नव्हतं. आपल्यालाच असं समजून तो कामाला लागला. कुत्र्याला, हे कळलं तोवर दशरथ त्याच्या घोंगडीत झोपायला लागला होता, आणि मग तर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

पंखाला मुंग्या लागू नयेत, मांजरानं पळवू नये, म्हणून जानराव तो सरकीच्या मडक्यात पुरून ठेवी. मोटेच्या बैलांसाठी सरकी घरात होतीच. सकाळी पंख काढायचा, गवतात लपवायचा, पिल्लाला सोडायचं. आठव्या दिवशी दशरथ असा थिजला की जानरावाचे डोळे भरून आले.

नवव्या दिवशी त्यानं जिवंत तितर फासात धरून झुडपाखाली बांधलं. दशरथ त्याच्या शेपटीजवळून निघून गेला. सरळ गोठ्यात शिरला, आणि बैलांच्या गव्हाणीसमोर पाय उचलून उभा राहिला.

जानरावाची बायको सत्यभामा शेण काढत होती. तिनं आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुमी त्याले तितर नाई शिकवलं," ती म्हणाली. "सरकी शिकवली."

दिवसभर जानरावानं तितर त्याच्या नाकाशी धरलं, हात जोडले, शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. दिवस कलला.

"सांगून टाका साहेबाले," सत्यभामा म्हणाली.

"सांगितलं तर आजच मारीन तो त्याले."

मग वास उठावा म्हणून त्यानं सरकी भिजवली. नाल्याकाठी बोरीच्या झुडपांत तितरं रोज सकाळी उतरायची, हे त्यांनी उकरलेल्या माळ्याच्या रोपांना चांगलंच ठाऊक होतं. तिथं त्यानं सरकी टाकली कुत्र्यासाठी आणि ज्वारी टाकली पाखरांसाठी.

सकाळी सगळं घडलं ते मनासारखं. दशरथ थिजला, तितरं भुर्रकन उडाली, बंदुका वाजल्या. अमरावतीचा बडा साहेब इतका खूश झाला की त्यानं कुत्राच मागून घेतला, आणि साहेबानं तो देऊनही टाकला.

बडा साहेब घोड्यावर पुढं निघाला. मागून त्याच्या दोन बैलांच्या दमणीत दशरथला बांधलं. जानरावानं धावत जाऊन दमणी हाकणाऱ्या नत्थुजीच्या हातात सरकीचं गाठोडं कोंबलं.

"नत्थुभाऊ, शिकारीच्या आदल्या दिवशी हे झुडपाखाली टाकत जा. तितरं उतरतात तिथंच. साहेबाले बोलू नको."

"सरकी? कुत्र्याले?" नत्थुजी हसला. "पागल झाला का रे बाबा?"

"तुह्या पाया पडतो. नाई तर मारतीन त्याले."

"बरं, टाकीन," नत्थुजी म्हणाला. वेड्या माणसाचं मन कशाला मोडा, असा त्याचा चेहरा होता.

दमणी गावाबाहेरच्या विहिरीवर थांबली. नत्थुजीनं बैलांना पाणी दाखवलं. मग गाठोडं सोडलं आणि सगळी सरकी बैलांपुढं ओतली.

मागून बघत उभा असलेला जानराव ओरडत धावला, पण अंतर फार होतं. बैलांनी तोंड घातलं. दमणीत दशरथ उठला, बैलांकडे नाक केलं, आणि पुढचा एक पाय उचलून थिजला. शिकवण्यात कुठं कसर राहिली नव्हती.

जानराव रस्त्यातच मटकन बसला. दमणी हलली तरी दशरथ तसाच उभा होता.