थांब म्हटलं तेव्हा

तामसीच्या दवाखान्यात चंद्रभागा बाळंतिणींच्या खोलीतली फरशी पुसत होती, तेव्हा ठाण्यातला शिपाई दारात येऊन उभा राहिला.

“खुशाल तुमचा कोण?”

“लहाना भाऊ.”

“घेऊन जा त्याले.”

तिने फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि त्याच्या मागून निघाली.

खुशाल जन्मापासून बहिरा, म्हणून मुकाही. सायकलला सुतळीचं गाठोडं बांधून तो गावोगाव खाटा विणत फिरे. त्या वर्षी जंगलातल्या अण्णांच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या, शोधात रस्त्यारस्त्यावर पोलीस उभे असत. सकाळी पुलाजवळ त्यांनी मागून हाक दिली, शिट्टी मारली. सायकल थांबली नाही.

ठाण्याच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून बसला होता. ओठ फाटलेला. उजवा हात मनगटाजवळ सुजून वाकडा झालेला. गाठोडं उसकटून सुतळी फरशीभर पसरली होती.

“रुको बोला तो रुका नहीं,” जमादार म्हणाला. “हम समझे, भाग रहा.”

“त्याले ऐकू येत नाई, साहेब.”

“मालूम हुआ. मारे तो भी मुँह से बात नहीं निकली, तब समझे.”

त्याने चहा मागवला. तिने तो घेतला.

“गले में पाटी डालो इसके. बहरा है करके लिखो.”

“तेलुगूत लिवू का मराठीत?” तिने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

जमादाराने जरा विचार केला. “दोनों में.”

दवाखान्यात डॉक्टरांनी हाताला फळी बांधून तो गळ्यातल्या झोळीत अडकवला. “हाड मोडलं असेल. उद्या आदिलाबादला नेऊन फोटो काढा,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, “तिकडे पडला म्हणून सांगा.”

घरी तिने भाकरी कुस्करून दिली. तो डाव्या हाताने जेवला. जेवून झाल्यावर त्याने बोटांनी विचारलं, का? त्यांच्या खुणा दोघांनी लहानपणी मिळून केलेल्या. भुकेला खूण होती, तापाला होती, आई गेली त्यालाही होती. याला खूण ती शोधत बसली. मग उठून तिने भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दोघं मागच्या बाकावर बसली. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला. त्याचे खाकी कपडे दिसताच खुशाल उठून उभा राहिला. त्याने डावा हात वर केला. मग झोळीतला उजवाही, जमेल तितका. पुढे कोणीतरी हसलं.

“याले काय झालं, बाई?”

“काई नाई. दोन आदिलाबाद द्या.”

तिने त्याचे हात एकेक करून खाली घेतले, आधी मोडका. कंडक्टर पुढे गेला. आदिलाबाद येईपर्यंत ते दोन्ही हात तिने आपल्या मांडीवर धरून ठेवले.