उजव्या कानातला सिनेमा

अण्णांचा डावा कान पत्र्याच्या कारखान्याने पुरता खाल्ला होता आणि उजवा अर्धामुर्धा ठेवला होता. पिंपं ठोकायच्या खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्यात माणसाचं बोलणं, पंख्याची घरघर आणि शेजारच्याने सरकवलेली खुर्ची हे सगळं एकाच भावात ऐकू यायचं. त्यामुळे ते यंत्र बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात आराम करायचं. उजव्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून कोणी हळू बोललं, की मात्र त्यांना सगळं कळायचं. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय आपल्याला राहिली नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

सिनेमाचं वेड मात्र कारखान्याला खाता आलं नाही. मुलांची आई होती तोवर ती त्यांच्या उजव्या हाताला बसून अख्खा सिनेमा कानात सांगायची, शिव्या तेवढ्या गाळून. आई गेल्यावर ती खुर्ची धाकट्या लेकीकडे आली. थोरला मुलगा लांब राहायचा, त्याच्या वाट्याला नुसता फोन आला. धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायची आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली की अण्णांना दुपारच्या खेळाला न्यायची. पडद्यावरचा माणूस जे बोलेल ते ती जसंच्या तसं बोलायची, त्याच्या 'मी'ला 'मी'च ठेवून. "मी तुला सोडणार नाही." "साहेब, मी खून केलेला नाही." अण्णा तिला तेवढ्यापुरतं पोपट म्हणायचे. "चल पोपटा, सुरू होईल," म्हणून दुपारी जेवण होताच पायात चपला घालून दारात उभे.

आजचा सिनेमा पोपटाने निवडलेला नव्हता. तो बसवालीने निवडला होता.

बसवाली शाळेची बस चालवायची. अण्णांच्या लेखी ती धाकटीची मैत्रीण होती. अधूनमधून यायची, गळका नळ दुरुस्त करायची आणि चहा नको म्हणून पळायची. धाकटीच्या लेखी ती कोण होती, हे धाकटीने आजवर फक्त तिलाच सांगितलं होतं. आता दोघींनी मिळून एक घर पाहून ठेवलं होतं. त्यात अण्णांसाठी भरपूर उजेडाची एक खोली होती. उद्या, रविवारी, बसवाली जेवायला येणार होती.

"घराचं मी सांगते अण्णांना," ती म्हणाली होती. "पण मी कोण, ते तू सांगायचं. आणि मी यायच्या आधी. तुझी मैत्रीण म्हणून आता मी त्या ताटावर बसणार नाही. नाही जमलं तर तसं कळव, मी येणार नाही. पण मग पुढेही येणार नाही."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ती तर दमलेल्या आवाजात म्हणाली, आणि वर उपायही तिनेच सुचवला. "तो शाळेचा सिनेमा लागलाय ना, दोन मुलींचा? ठार वेडपट आहे, लोक खुर्चीवरून खाली पडतात हसून. अण्णांना घेऊन जा. जे बोलायचं ते सिनेमाच बोलेल. तू फक्त कानात सांग."

ऐकायला किती सोपं होतं!

थिएटरमध्ये शिरल्या शिरल्या धाकटीला गुंगी आल्यासारखं झालं. सकाळभर भिंगं घासून तिला सगळ्या वस्तूंच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायच्या, त्यात तो गार अंधार आणि कमरेपर्यंत गिळून टाकणाऱ्या जुन्या खुर्च्या. मागच्या रांगांत कॉलेजची टोळी होती. पुढे दोन पिकल्या केसांच्या बहिणी, मांडीवर मक्याच्या लाह्यांचा एकच मोठा डबा. पलीकडे एक टोपीवाला बसला होता. सिनेमापेक्षा गारव्यासाठी आल्याचं त्याच्या ताणून दिलेल्या पायांवरून दिसत होतं.

पडदा उजळला. शाळेचं शेवटचं वर्ष, खिडकीजवळचा बाक. बाकावर एक कुरळ्या केसांची मुलगी आणि एक बॉयकटवाली, दोघी शाळेच्या निळ्या पँटीत. कुरळी नापास झालेली, बॉयकट पास व्हायच्या बेतात. बॉयकट तिचा हात धरून म्हणाली, "तुझ्यावाचून मी पुढे जाणार नाही. मीही नापास होते."

धाकटीने अण्णांच्या कानाशी तोंड नेलं. "मीही नापास होतो," ती म्हणाली.

होते, होतो. एका मात्रेचा खेळ. तिने ठरवलं नव्हतं, जिभेने परस्पर केलं. आपल्या भाषेचीही कमाल आहे. स्वतःबद्दल साधं एक वाक्य बोलायला जावं, तर बोलणारा बाई की बाप्या याची चुगली क्रियापद करून मोकळं होतं.

"मुलगा आहे होय तो?" अण्णांनी विचारलं. अण्णांची कुजबुज चार रांगांना ऐकू जायची, आणि त्यांना ते कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"हो," धाकटी म्हणाली.

"गोड आहे पोरगा."

झालं. एक खोटं पचवायला आता दहा लागणार होती. बॉयकट मुलींच्या व्हॉलीबॉल संघात उतरली. "हा मुलींत कसा?" "मुली कमी पडल्या, अण्णा." बॉयकटला तिच्या आईने लग्नाचा पायघोळ झगा शिवून दाखवला आणि ती झग्यासकट झाडावर चढून बसली. "आता हे काय?" "नाटकाची तालीम आहे." सगळं थिएटर खदखदत होतं आणि अण्णा भुवया उंचावून, सभ्यपणे, मान डोलवत होते.

सिनेमा खरोखरच ठार वेडपट होता. त्या दोघी एका बाकावर राहता यावं म्हणून वर्षानुवर्षं नापास होत राहतात. बरोबरीच्या मुलांची मुलं त्याच वर्गात येतात, हेडमास्तरांची दाढी टेबलाच्या कप्प्यात ठेवण्याइतकी वाढते. शेवटी शिक्षकच हवालदिल होऊन परीक्षेत त्यांना कॉपी पुरवू लागतात. चिठ्ठ्या गुंडाळून फेकतात, उत्तरं छतावर लिहून ठेवतात, इतिहासाच्या बाई तर सनावळ्या गाण्यात घालून खिडकीखाली गातात. या भागात कोणाला होतो-होते करायची गरज नव्हती. धाकटीने तो भडाभडा सांगितला आणि अण्णा हसले. लोकांचं हसणं ओसरून गेल्यावर, एकटेच, पिंपात दगड टाकल्यासारखे. पुढच्या बहिणींनी आधी त्रासून मागे पाहिलं. दुसऱ्यांदा हसले तेव्हा त्याही हसल्या. मग मागची टोळी अण्णांच्या हसण्याची वाटच बघू लागली, आणि ते आलं की पुन्हा हसू लागली. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. ते खुशीत होते.

मग दोघींनी व्हरांड्यात एकमेकींचं चुंबन घेतलं. टोपीवाला उठला, "काय ही थेरं!" म्हणाला आणि तरातरा निघाला. दाराचा पडदा बाजूला केला, पण बाहेर काही गेला नाही. दोघी पास होतात की काय, ही काळजी त्यालाही लागली असावी. पडदा हातात धरून तो तिथेच उभा राहिला.

"तो का उठला?" अण्णांनी विचारलं.

"पाय आखडला असेल," धाकटी म्हणाली.

मग पूर आला. पडद्यावर बोलणं थांबलं. नदी वर्गात शिरली, नकाशे आणि दप्तरं तरंगू लागली, आणि त्या दोघींचा बाक हळूच उचलला जाऊन खिडकीतून बाहेर निघाला. दोघींच्या केसांत रुपेरी बटा आल्या होत्या. हातात लाकडी पट्ट्या घेऊन त्या वल्हवत होत्या, छपरांवरून, झाडांच्या शेंड्यांवरून. कोणी हसलं नाही. सगळं थिएटर त्या पाण्यावर सैल पडून राहिलं. धाकटीला सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने अण्णांच्या खांद्याला डोकं टेकलं. डोळे अर्धे मिटल्यावर तिला त्याच पाण्यातून पिवळी बस येताना दिसली, खिडक्या उघड्या, आत कोणी मूल नाही, आणि बसवाली एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने शेजारची सीट पुसत होती. ये, बस, असं काही ती म्हणत नव्हती. नुसती सीट पुसत होती. आपण त्या सीटवर बसणार नाही, उद्या फोन करून नको येऊस म्हणणार, आणि मग जन्मभर अण्णांच्या कानात दुसऱ्यांची वाक्यं सांगत राहणार, हे धाकटीला त्या गुंगीतही लख्ख कळलं. तिला स्वतःची शरम वाटली.

पूर ओसरला आणि निकाल लागला. कुरळी पास! गणिताच्या पेपरात तिने घोडा काढला होता आणि नेमकं तेच उत्तर निघालं. आता केस पांढरे झालेली बॉयकट फळ्यासमोर उभी राहून किंचाळली, "पास झालीस? मला न विचारता?" थिएटर हसून कोसळलं. एक बहीण दुसरीच्या पाठीत गुद्दे घालू लागली. धाकटीच्या तोंडून मात्र "पास झालीस का?" एवढंच निघालं.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी चारी बाजूंना मान वळवून पाहिलं. लोक थोडे शांत झाले, आणि नेमक्या त्या शांततेत त्यांची कुजबुज उमटली. "पोपटा, लोकांना एक सिनेमा दिसतोय आणि तू मला दुसराच सांगतेयस. तो बॉयकट मुलगा आहे की मुलगी, ते एकदा नीट सांग बघू!"

मग सगळीकडून एकदम. "मुलगी, आजोबा, मुलगी!" मागची टोळी ओरडली. "दोघी मुलीच आहेत हो!" बहिणी एका सुरात म्हणाल्या. "मुलगीच आहे ती, म्हणून तर..." दारातून टोपीवाल्याने सुरुवात केली, पण पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही.

सगळ्या थिएटरने सांगितलं होतं. अण्णांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. ते उजवा कान धाकटीकडे करून, मान थोडी वाकवून बसले होते.

"मुलगी," धाकटी म्हणाली.

"आणि ती कुरळी?"

"तीही मुलगी."

अण्णा यावर काही बोलणार, तोच पडद्यावर बॉयकट बोलू लागली. धाकटीने घाईघाईने तोंड पुढे केलं आणि या वेळी एक मात्राही हलवली नाही. "मी जन्मभर नापास झाले. मला अभ्यास येत होता. पण मला या बाकावरून उठायचं नव्हतं. मी हिच्या शेजारी बसते. मला हीच आवडते."

बॉयकटचं बोलणं संपलं. दोघी गप्प उभ्या राहिल्या, नुसता वारा सुटला होता. धाकटी मात्र थांबली नाही. आता थांबले तर संपलंच, एवढंच तिला कळत होतं.

"मला बसवाली आवडते, अण्णा. मैत्रीण म्हणून नाही. मला तिच्याबरोबर संसार करायचाय. आम्ही घर बघितलंय, त्यात तुम्हीही आहात. उद्या ती जेवायला येईल ती माझी म्हणून येईल. नाहीतर येणारच नाही."

अण्णा पडद्याकडे बघत होते. पडद्यावर दोन मिटलेली तोंडं होती. ते त्या तोंडांकडे बघत राहिले, आणि कानात येणारे शब्द तिथले नाहीत हे त्यांना कळलेलं धाकटीला त्यांच्या खांद्यातून कळलं. खांदा ताठ झाला. त्यांनी कान काढून घेतला आणि ते सरळ बसले.

सिनेमा चालूच राहिला. वाक्यामागून वाक्य येत होतं आणि कोणाच्या कानात न जाता पडून राहत होतं. आईच्या उशाशी बसलेली असतानाही धाकटीला इतकी भीती वाटली नव्हती. तिला अण्णांचा हात धरावासा वाटला, पण तो हात त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरून उचलून मांडीवर ठेवला होता. पुढच्या बहिणींनी एकदाही मागे पाहिलं नाही. त्यांना कुजबुज ऐकू गेली असेल, नसेल. धाकटीने समोरच्या उजेडाकडे नजर लावली. तिला काहीच दिसत नव्हतं.

एकाएकी थिएटर पुन्हा उसळलं. बॉयकट काहीतरी बोलली होती आणि लोक खुर्च्या बडवत होते. दारातला टोपीवाला पडद्याला धरून वाकून वाकून हसत होता. एक बहीण डोळे पुसत होती. अण्णांनी या सगळ्यांकडे सावकाश पाहून घेतलं, जणू आजच लोकांना हसताना बघत होते. मग खुर्ची करकरली आणि त्यांचा कान धाकटीच्या तोंडाशी आला.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

दुपारभर ते 'तो' म्हणत आले होते. "कोण, अण्णा?" तिने कसंबसं विचारलं.

"आधी पडद्यावरची सांग, सगळे हसतायत," अण्णा म्हणाले. "मग तुझी."